ओकच्या कपाटांना कोणती भिंत शोभते?

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपास, सातारा परिसर किंवा हर्सूलकडच्या नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचं काम बहुधा एकाच क्रमानं होतं. आधी सुतार किंवा मॉड्युलर किचनवाला ट्रॉल्या आणि शटर बसवून जातो. मग पेंटर शेडकार्ड घेऊन येतो आणि घरच्यांनी दहा मिनिटांत रंग सांगावा, अशी त्याची अपेक्षा असते. अशा घाईत ऐकीव नियम कामाला येतात: पांढरा कुठंही चालतो, लाकडाला क्रीमच शोभतो, गडद रंगानं खोली लहान दिसते. ओकच्या रंगाच्या कपाटांशेजारी हे नियम बऱ्याचदा फसतात, आणि फसलेली भिंत पुढची पाच-सात वर्षं रोज बघावी लागते.

मुळात ओक म्हणजे एक ठरलेला रंग, हीच समजूत चुकीची आहे. ओकचं झाड मराठवाड्यात होत नाही. आपल्या देशात ते हिमालयात आढळतं, उत्तराखंडात त्याला बांज म्हणतात. फर्निचरसाठीचं ओक मुख्यतः अमेरिका आणि युरोपातून येतं. आपल्या वाड्यांचं लाकूड सागवान. त्यामुळे इथल्या दुकानात ‘ओक’ म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा प्लायवर किंवा एमडीएफवर चिकटवलेलं, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं लॅमिनेट असतं. ओकच्या रेषांचं छापील चित्रच म्हणा. त्यात मधासारखा पिवळट ओक असतो, तांबूस असतो, राखाडीही असतो. तिघांना एकच भिंत शोभणार नाही. म्हणून नाव विसरा आणि झाक बघा. दिवसाच्या उजेडात शटरला कोरा पांढरा कागद लावून धरा, म्हणजे लाकूड पिवळ्याकडे झुकतं, लालीकडे की राखेकडे, ते लगेच कळतं. अस्सल ओकचं व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. उजेडानं आणि पॉलिशनं ते काही वर्षांत जास्त पिवळट, उबदार होतं. लॅमिनेटचा रंग त्या मानानं तसाच राहतो.

“पांढरा द्या, पांढरा कशालाही चालतो.” हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. पण पांढरे अनेक असतात. झगझगीत पांढऱ्यात बहुधा निळसर झाक असते, आणि निळा हा पिवळट-नारिंगी रंगाचा विरोधी रंग. दोन विरोधी रंग शेजारी आले की दोन्ही उठून दिसतात. निळसर पांढऱ्या भिंतीजवळ मधाळ ओक त्यामुळे अधिकच पिवळा दिसतो आणि शटर जुनाट वाटू लागतात. हे प्रथम नीट मांडलं शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत तो 1824पासून रंगाई विभागाचा प्रमुख होता. तिथला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्यानं तपासलं तर रंगाईत दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. त्याचा ग्रंथ 1839 साली आला. आपल्याला हे समजायला पॅरिसपर्यंत जायलाही नको. पैठणीतली धूपछाव आठवा. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि पदर हलला की दिसतो तिसराच. रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो.

पांढराच हवा असेल तर किंचित उबदार झाकेचा, दुधाळ पांढरा घ्या. राखाडी ओक असेल तर मात्र थोडा थंड पांढराही शोभतो.

क्रीम, बिस्किट आणि बदामी या रंगांची गोष्ट वेगळी. ते लाकडाशी भांडत नाहीत, खरं आहे. पण फार जवळचे असल्यानं लाकूड भिंतीत विरघळतं. लाकडाच्या रेषांसाठी आपण जास्तीचे पैसे दिलेले असतात आणि त्याच दिसेनाशा होतात. भिंत लाकडापेक्षा स्पष्टपणे फिकी हवी, नाहीतर वेगळ्या रंगाची हवी. थोडीशी फिकी आणि थोडीशी सारखी, हा मधला मार्ग सर्वांत मळकट दिसतो.

वेगळा रंग कोणता, याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत गेरू आणि पिवळ्या मातीचे तपकिरी-पिवळे रंग भरपूर आहेत, आणि त्यांच्या शेजारी एक शांत, राखाडीकडे झुकणारा हिरवा आहे. तो हिरव्या मातीपासून केलेला. ती माती आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातच सापडते. निळ्यासाठी लाजवर्दी दगड मात्र बाहेरून आणावा लागे. मातकट हिरवा, धुरकट निळा आणि लाकडाचा तपकिरी ही संगत डोळ्यांना किती मानवते हे तिथं उभं राहून बघावं. माझं मत विचाराल तर पिवळट ओकसाठी राखाडी झाकेचा फिका हिरवा हा सर्वांत भरवशाचा रंग आहे. तांबूस ओकशेजारी तोच हिरवा जपून वापरा, कारण लाली आणखी उठेल. तिथं उबदार पांढरा बरा.

“गडद रंगानं स्वयंपाकघर लहान दिसतं” यात अर्धं तथ्य आहे. गडद भिंत उजेड गिळते, हे खरंच. पण रंगवायला भिंत उरते तरी किती? ओट्यावर डॅडोच्या टाइल्स, वर कपाटं, त्यावर लॉफ्ट. बऱ्याच फ्लॅटमध्ये एक मोकळी भिंत, खिडकीभोवतीचा पट्टा आणि छत एवढंच राहतं. छत पांढरं ठेवून त्या एका भिंतीला गडद हिरवा किंवा निळा दिला, आणि खिडकी चांगली असली, तर बिघडत काही नाही.

गडद रंगावर डाग दिसत नाहीत, हे मात्र साफ चूक. पीठ, धूळ आणि सिंकजवळ बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ओघळ गडद भिंतीवरच आधी दिसतात. डागांचा प्रश्न रंगाच्या छटेपेक्षा त्याच्या प्रकाराचा आहे. चुना आणि डिस्टेंपर ओल्या फडक्यानं घासले की निघून येतात. फोडणीचा तेलकट थर पुसायचा तर हलक्या चकाकीचं, धुता येणारं इमल्शन हवं. ऑइलपेंटही पुसता येतो, पण उजेड कमी असलेल्या जागी त्याचा पांढरा काळानं पिवळा पडतो.

स्वयंपाकघर आग्नेयेला, म्हणून भिंत लाल किंवा नारिंगी हवी, असंही सांगितलं जातं. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी दिशा जरूर पाळावी. पण नारिंगी ओकभोवती नारिंगी भिंत आली की सगळंच पेटल्यासारखं वाटतं आणि ताटातल्या भाजीवरही तीच झाक पडते. एखादा कोनाडा किंवा देव्हाऱ्यामागची पट्टी त्या रंगाची केली तरी मन राखलं जातं.

उरला उजेड. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाळ्यात चार-पाचच्या सुमारास येणारं ऊन ओकला नारिंगी करून सोडतं. उत्तरेच्या खिडकीतला उजेड थंड असतो, तिथं निळा आणखी गार पडतो. रात्री 6500 केल्विनची पांढरी ट्यूब लाकडाचा जीव काढून घेते आणि 2700 केल्विनचा पिवळा दिवा हिरव्या भिंतीला मळकट करतो. स्वयंपाकघरासाठी 4000च्या आसपासचा दिवा मला योग्य वाटतो. रंग ठरवण्याआधी दिवा ठरवायला हवा; आपण बरोबर उलट करतो.

म्हणून शेडकार्डाच्या दोन बोटं रुंद पट्टीवर विसंबू नका, मोबाइलवरच्या फोटोवर तर नकोच. पेंटरला थांबवा आणि लहान डब्यातला रंग आणून दोन फुटी प्लायच्या तुकड्यावर पुट्टी-प्रायमरनंतर दोन हात द्या. वाळल्यावर तो तुकडा शटरला टेकवून ठेवा आणि सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिवा लावून, असा तीनदा बघा. दुसऱ्या दिवशीही आवडला तरच पेंटरला हो म्हणा.