बोटीवरचा माणूस किनाऱ्यावर का येतो?

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर एक बाई आपल्या सदतीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा बोटीवर सेकंड इंजिनिअर. पंधरा वर्षांची नोकरी, डॉलरमधला पगार, गावात बांधलेले दुमजली घर. एक परीक्षा दिली की चीफ इंजिनिअर व्हायचा. आणि आता तो म्हणत होता की, पुन्हा बोटीवर जाणार नाही, मुंबईत एखाद्या ऑफिसात मिळेल ती नोकरी करीन. "डॉक्टर, याला काय झालंय ते तुम्हीच बघा. कुणी करणी केली म्हणतात. माझा विश्वास नाही त्यावर, पण एकदा तपासा," त्या म्हणाल्या. मुलगा खाली मान घालून बसला होता.

करणीबिरणी काही नव्हती. रक्तदाब १५० वर ९६ होता, पोट सुटलेले होते, बारीक स्वराचे आवाज नीट ऐकू येत नव्हते. सुट्टीवर येऊन दोन महिने झाले तरी सलग चार तास झोप लागत नव्हती. बायकोचा मोबाईल रात्री वाजला की हा दचकून थेट उभाच राहायचा.

आपल्या जिल्ह्यात दापोली, गुहागर, मंडणगडपासून खाली थेट राजापूरपर्यंत बोटीवर जाणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अशा घरातला मुलगा 'आता पुरे' म्हणाला की शेजारीपाजारी हसून म्हणतात, बोट लागली असेल. बोट लागणे हे याचे कारण क्वचितच असते. कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला बहुतेकांच्या बाबतीत दोनचार दिवसांत हेलकाव्यांची सवय होते. पंधरा वर्षे नोकरी केलेला माणूस लाटांना घाबरून घरी बसत नाही. मग तो का येतो, हे आज पाहू.

पहिले आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण झोप. आपल्या मेंदूत एक जैविक घड्याळ असते. अंधार पडला की ते मेलॅटोनिन नावाचे द्रव्य सोडायला लावते, शरीराचे तापमान थोडे उतरते आणि झोप येते. या घड्याळाला रोज ठराविक वेळी उजेड आणि अंधार लागतो. बोटीवर नेमके तेच मिळत नाही. डेकवरच्या अधिकाऱ्यांची पाळी चार तास काम, आठ तास सुट्टी अशी चालते. लहान बोटींवर दोनच अधिकारी असले तर सहा तास काम, सहा तास सुट्टी. त्या सहा तासांत जेवण, आंघोळ, कागदपत्रे आणि झोप. म्हणजे सलग आठ तासांची झोप महिनोन्‌महिने नाहीच. त्यात बोट पूर्वेकडे निघाली की दर पंधरा रेखांशांमागे घड्याळ एक तास पुढे करावे लागते, म्हणजे तो दिवस तेवीस तासांचा. शरीर एका घड्याळाशी जुळवून घेते न घेते तोच दुसरे समोर येते.

इंजिनकडे पाळ्या आता बऱ्याच बोटींवर नाहीत. रात्री इंजिनरूम रिकामी असते आणि काही बिघाड झाला तर त्या रात्रीच्या इंजिनिअरच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. ऐकायला सोय वाटते. परंतु स्वीडनमधील संशोधकांनी अशाच जहाजावरील इंजिनिअरांच्या मेंदूचे झोपेतील आलेख काढले आणि १९८८ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांत असे दिसले की अलार्मच्या रात्री गाढ झोप कमी होते, आणि ती अलार्म वाजण्यापूर्वीच कमी झालेली असते. 'वाजेल' ही धास्तीच पुरते. आमच्या रुग्णाच्या मोबाईलचे कोडे इथे सुटते. पंधरा वर्षे त्याचा मेंदू एका कानाने जागा राहायला शिकला होता.

बंदर आले की विश्रांती मिळते असा घरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात उलटे आहे. पायलट चढला की सगळे उभे. दोर बांधणे, माल चढवणे-उतरवणे, तेल भरणे, तपासणीस येणे, हे सारे एकाच वेळी सुरू होते आणि कंटेनरची बोट पुष्कळदा चोवीस तासांच्या आत पुन्हा बाहेर पडते. नियम आहेत. सागरी कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये अमलात आला, भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असे त्याच्या कामाच्या तासांच्या तरतुदींत आहे. पण तास लिहिले जातात वहीत, आणि वही नियमाबरहुकूम भरली जाते. स्वीडनमध्येच माल्मो येथे जागतिक सागरी विद्यापीठ आहे. त्याच्या २०२० सालच्या अहवालात हेच सविस्तर आले आहे. तपासणीला आलेल्या माणसाला वहीच दिसते, माणसाचे डोळे तो कशाला पाहील!

झोप तुटल्याचा परिणाम काय होतो? २०१० च्या एप्रिलमध्ये 'शेन नेंग १' ही कोळशाची चिनी बोट ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर चढली. चौकशीत निघाले की पहाऱ्यावरचा चीफ ऑफिसर आधीच्या सुमारे अडतीस तासांत अडीच तासच झोपला होता. वळण घ्यायची जागा त्याच्या लक्षातच आली नाही. हा अपघात जगाला दिसला. रक्तदाब चढणे, साखर वाढणे, पित्त, चिडचिड, विसरभोळेपणा हे दिसत नाही. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, गोड व तळलेले खावेसे वाटते. बोटीवर चालायला जागा थोडी, मेसमध्ये जेवण भरपूर आणि लांबच्या सफरीत शेवटी शेवटी ताजी भाजी संपलेली. पोट सुटते ते असे.

आवाज आणि उष्णता यांविषयी थोडक्यात. इंजिनरूममध्ये आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. ८५ डेसिबलला आठ तास ही साधारण सुरक्षित मर्यादा धरतात. १०० डेसिबलला तेवढीच मात्रा पंधरा मिनिटांत पूर्ण होते. कानावर इअरमफ नसेल तर आतील नाजूक केशपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. उष्ण प्रदेशात तिथले तापमान चाळीस अंशांच्या पुढे असते. घाम जातो, पाणी कमी पडते आणि मुतखडा होतो. आमच्याकडे येणाऱ्या मुतखड्याच्या रुग्णांत ऑईलर, फिटर मंडळी बरीच असतात.

आता एक गोष्ट जी घरात कुणी बोलत नाही. बोटीवर डॉक्टर नसतो. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि तीन दिवसांहून लांब आंतरराष्ट्रीय सफरीच्या जहाजावरच डॉक्टर बंधनकारक आहे. मालवाहू बोटीवर माणसे वीस-पंचवीस. औषधांची पेटी बहुधा सेकंड ऑफिसरकडे असते आणि सल्ला रेडिओवरून किंवा उपग्रहामार्फत घ्यायचा. रोममध्ये १९३५ पासून असा मोफत सल्ला देणारे केंद्र चालू आहे आणि त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. तरीही छातीत कळ आली आणि किनारा चार दिवसांवर असला, तर सल्ला तो सल्लाच. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला हे बरोबर कळते. वडिलांना हृदयविकार असेल तर अधिकच.

यातूनच लपवाछपवी सुरू होते. फिटनेसचा दाखला जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. तो नाकारला गेला तर नोकरी गेली, म्हणून तपासणीच्या आधी आठ दिवस मीठ बंद करणारे, कुणाकडून तरी गोळी घेऊन रक्तदाब उतरवणारे आणि बोटीवर चढताच ती गोळी थांबवणारे लोक मी पाहिले आहेत. गोळीने नीट ताब्यात ठेवलेल्या रक्तदाबावर दाखला मिळू शकतो. लपवलेला रक्तदाब मात्र समुद्रावर अर्धांगवायू होऊन उघडा पडतो. हे कृपया घरातल्या बायकामंडळींनीही ध्यानात ठेवावे, कारण गोळ्यांची पट्टी बॅगेत भरतात त्याच.

उरले मन. पूर्वीचे खलाशी बंदरात चार-चार दिवस राहत, शहर पाहत, घरी येताना रेडिओ-घड्याळे आणत. आता बंदरातला मुक्काम तासांवर आला आणि २००४ पासून लागू झालेल्या सुरक्षा-नियमांमुळे फाटकाबाहेर पाऊल टाकणे पुष्कळ ठिकाणी जिकिरीचे झाले. माणूस सहा महिन्यांत बारा देश करतो आणि क्रेनशिवाय काही पाहत नाही. जेवण झाले की जो तो आपल्या केबिनमध्ये. इंटरनेट आले हे चांगलेच. २०२४ च्या डिसेंबरपासून शक्य तिथे ते पुरवणे त्या कराराखाली आवश्यकही झाले. पण त्याला दुसरी बाजू आहे. पूर्वी पोराला ताप आला हे पत्रातून कळेपर्यंत पोर बरे होऊन शाळेत गेलेले असे. आता ताप एकशे तीन असतानाच फोन येतो आणि बाप प्रशांत महासागरात असतो. असे नुसते ऐकत राहणे माणसाला आतून पोखरते. २०२० साली करोनामुळे जगभर सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही बोटींवर अडकले होते. काहींचा मुक्काम वर्षाच्या पुढे गेला. त्यानंतर 'आता पुरे' म्हणणारे माझ्याकडे अधिक आले, एवढे मी सांगू शकतो.

हा निर्णय सर्वांना सारखा झेपत नाही, हेही सांगायला हवे. अधिकाऱ्याला जहाज-व्यवस्थापनाच्या ऑफिसात, सर्व्हेअर म्हणून, प्रशिक्षण संस्थेत किंवा बंदरात जागा मिळू शकते. पगार कमी होतो आणि वर्षातले सहा महिने देशाबाहेर राहिल्यामुळे साधारणपणे जो प्राप्तिकर लागत नव्हता, तोही लागू होतो. ऑफिसातल्या सुपरिंटेंडंटला रात्री दोन वाजता बोटीवरून फोन येतात, ते वेगळेच. ऑईलर किंवा एबी यांच्यापुढे तर तेवढाही पर्याय नसतो. तो परत आला तर टेम्पो, आंब्याची बाग नाही तर मासळीचा धंदा. म्हणून तो पन्नाशीपर्यंत ओढत राहतो. त्याच्या घरच्यांनी 'तो काही तक्रार करीत नाही' यावर विसंबू नये. सुट्टीवर आला की रक्तदाब, साखर आणि कानाची तपासणी करून घ्यावी.

किनाऱ्यावर आलेल्या माणसाचे पहिले महिने अवघड जातात. घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेले असते. पोरे पैसे आईकडेच मागतात. तो बारीकसारीक गोष्टींवरून ओरडतो, मग गप्प होतो. या काळात त्याला लगेच व्यवहाराचे प्रश्न विचारू नयेत. उठायची वेळ एकच ठेवावी, झोप लागली असो वा नसो. सकाळी अर्धा तास उन्हात चालावे, दुपारनंतर चहा बंद, फोन रात्री दुसऱ्या खोलीत. झोपेसाठी दारू घेऊ नये. तिने डोळा लागतो, पण पहाटे झोप मोडते. दोनतीन आठवडे सतत उदास वाटले, कशातच रस उरला नाही किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलणे आले, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.

आमचा रुग्ण आता मुंबईत नोकरीला लागला आहे. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. गणपतीला आला तेव्हा त्याच्या आईने सांगितले की, सहा तास झोपतो, पण पंखा बंद पडला की अजून उठून बसतो. इंजिन थांबले की बोटीवरचा माणूस जागा होतो, हे मी त्यांना समजावून सांगितले. कानाची तपासणी पुन्हा केली. गेलेले ऐकणे परत येत नाही, परंतु आणखी कमी झालेले नव्हते.