मोठ्या महादेवाची वाट

नागपूरकराला डोंगर चढायची हुक्की आली तर गावात सीताबर्डीची टेकडी आणि फार तर रामटेक. समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर पसरलेल्या या शहराच्या वाट्याला पुण्यासारखे गड आले नाहीत. म्हणून इथली माणसं पिढ्यानुपिढ्या उत्तरेला निघतात. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असं करत सुमारे अडीचशे किलोमीटरवर पचमढी येते.

नकाशात पचमढी परराज्यात आहे, पण ही तशी अलीकडची गोष्ट. 1956 पर्यंत नागपूर हीच मध्यप्रदेशची राजधानी होती. त्याआधी इंग्रजी अमदानीत उन्हाळा लागला की मध्य प्रांताचा कारभार नागपूरहून पचमढीला हलायचा. पचमढीचा ‘शोध’ कॅप्टन जेम्स फोर्सिथच्या नावावर मांडतात. गंमत अशी, की 1871 साली निघालेल्या त्याच्याच पुस्तकात महादेवाच्या जत्रेचं वर्णन आहे. गोंड आणि कोरकूंची वस्ती असलेल्या या डोंगरातली वाट साहेब येण्याआधीच मळलेली होती.

ती वाट चौरागडची. विदर्भात याला ‘मोठा महादेव’ म्हणतात आणि महाशिवरात्रीला गावोगावचे पोहे, म्हणजे यात्रेकरूंचे जथे, इकडे लोटतात. पचमढीपासून दहा-एक किलोमीटरवर महादेवाची गुहा आहे. गाडी तिथंच सोडायची. पुढे तीन-चार किलोमीटर पायी आणि शेवटी तेराशेच्या आसपास पायऱ्या. साधा चढ म्हणावा, तर खांद्यावरून त्रिशूळ घेऊन चढणारे लोक बघावेत. नवस फेडायला आणलेले हे त्रिशूळ हातभर लांबीपासून चार-सहा जणांनी मिळून उचलावेत इतके जड असतात. माथ्यावर, सुमारे तेराशे मीटर उंचीवर, मंदिराभोवती त्यांची अक्षरशः रास पडलेली आहे. ट्रेकिंग हा शब्द विदर्भात रुळण्याच्या कितीतरी आधीपासून, पायात साधी चप्पल घालून किंवा अनवाणी, शेतकरी बाया-माणसं हा डोंगर सर करत आली आहेत.

चढताना पायाखाली बघावं. सह्याद्रीचा काळा कातळ इथं नाही. हा वालुकाश्म आहे, वीस कोटी वर्षांहून जुन्या नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा. सह्याद्रीचा लाव्हा वाहिला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे वयात सातपुड्याचा हा भाग सह्याद्रीचा थोरला भाऊ. दगड मऊ, म्हणून पाण्यानं त्यात खोल दऱ्या आणि गुहा कोरल्या. साल आणि साग हे दोन्ही वृक्ष या जंगलात भेटतात. नशीब असेल तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू इथं, मध्यप्रदेशात, फांदीवरून उडी मारताना दिसतो.

समोरचा धूपगड 1350 मीटरचा, सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर. पण तिथं घाम गाळावा लागत नाही, जीप थेट माथ्यावर नेते. त्यामुळे संध्याकाळी सूर्यास्ताला गर्दी उसळते आणि फोटोंचा पाऊस पडतो. दृश्य सुंदर आहेच, नाही कोण म्हणतं? तरी एका दिवसात दोन्ही शिखरं करणाऱ्यानं क्रम चुकवू नये. सकाळी उन्हाआधी चौरागड पायी, दुपारी विसावा, संध्याकाळी धूपगड. दमलेल्या पायांना दुसरं शिखर गाडीनं मिळणं हे तेव्हाच सुखाचं वाटतं.

नागपूरहून पहाटे निघून रात्री परतायचा हट्ट मात्र धरू नये, आदल्या रात्री पचमढीला मुक्काम हवाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालायला चांगला. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. धूपगडच्या जीपसाठी वनखात्याचा परवाना लागतो, त्याची चौकशी आधीच करून ठेवावी. चौरागडच्या वाटेवर माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या खाली परत आणा.