हवामान आणि मासेमारी

मासा हा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाण्याची उष्णता बदलली कीं त्याची भूक व हालचालही बदलते. म्हणून मासेमारीचा हंगाम आकाशच ठरवितें.

आपल्या जुन्नर-आंबेगांव भागांतील मरळ हा शिकारी मासा पौषाच्या थंडींत सुस्तावतो व गळास क्वचितच लागतो. वैशाखांत पाणी तापलें कीं त्यांतील प्राणवायु कमी होतो. तेव्हां बहुतेक मासे दुपारीं खोल पाण्यांत राहून सकाळसंध्याकाळ चरतात. मरळ मात्र पाण्याबाहेरील हवाही घेऊं शकतो, म्हणून आटत्या डोहांतही तो तग धरतो.

खरा फरक पडतो तो मृगाच्या पावसानें. कुकडी, मीना व घोड या नद्यांस पहिले लोंढे आले कीं गाभोळीनें भरलेले मासे ओढ्याओघळींनीं थेट भातखाचरांपर्यंत चढतात. हेच चढणीचे मासे. उथळ पाण्यांत ते हातानेंही सांपडतात. परंतु हाच त्यांच्या विणीचा काळ होय. अंडीं घालण्यापूर्वीं मादी धरणें म्हणजे बियाण्याचें धान्य दळून खाणें. माणिकडोह व डिंभें येथील धरणांच्या भिंती ओलांडून मासा वर जाऊं शकत नाहीं. म्हणून मोकळे राहिलेले ओढे अधिकच मोलाचे आहेत.

तरी शेतकरी बंधूंनीं पहिल्या पुरांत खाचराच्या तोंडाशीं जाळें अथवा बांबूचा सापळा लावूं नये. आषाढांत आवरलेला हात कार्तिकांत भरून येईल.