पायरी टळते, हुकूमनामा टळत नाही

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण व्यापारी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. देण्याघेण्याचे वाद पेढीवर बसून, चार वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीने मिटवावेत, अशी रीत. एखाद्या घरातील विवाह टिकेनासा झाला की तीच सवय पुढे येते. दोन्हीकडची मंडळी बसतात, दागिने परत होतात, एक रक्कम ठरते, मुद्रांकपत्रावर सह्या होतात आणि नोटरीचा शिक्का बसतो. प्रकरण मिटले असे सर्वांना वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते दोघे अद्याप पती-पत्नीच असतात.

1955 चा हिंदू विवाह कायदा त्याच्या कलम 2 नुसार जैनांनाही लागू आहे. 2014 मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तरी या स्थितीत बदल झालेला नाही. इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने 2025 मध्ये याच दर्जाचा आधार घेऊन एका जैन दांपत्याचा परस्परसंमतीचा अर्ज फेटाळला होता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. रूढीने चालत आलेल्या घटस्फोटाला कायद्यात जागा आहे, परंतु तशी रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. केवळ नोटरीच्या कागदावर विसंबून केलेला दुसरा विवाह शून्य ठरतो आणि फौजदारी गुन्हाही होतो. मुलीचे पुन्हा स्थळ पाहताना हा धोका ध्यानात घेतलाच पाहिजे.

यावर कायद्याने दिलेला सरळ मार्ग म्हणजे कलम 13-ब. परस्परसंमतीच्या घटस्फोटाची ही तरतूद 1976 मध्ये समाविष्ट झाली. दोघे किमान 1 वर्ष वेगळे राहत असावेत, एकत्र नांदणे शक्य नसावे आणि विवाह संपवण्यावर दोघांचे एकमत असावे, एवढीच अट. कोणावरही क्रौर्याचा वा अन्य दोषाचा आरोप करावा लागत नाही. संयुक्त अर्ज दाखल झाल्यानंतर 6 महिन्यांनी, परंतु 18 महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा आपली संमती सांगावयाची असते.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2017 मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात हा 6 महिन्यांचा काळ माफ करता येतो, असा निर्वाळा दिला. त्यासाठी पहिल्या जबानीपूर्वीच दीड वर्षाचे वेगळे वास्तव्य झालेले असावे, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा इत्यादी बाबी खऱ्या अर्थाने मिटलेल्या असाव्यात. याच निकालात दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणी घेण्याची, तसेच सबळ कारण असल्यास आई-वडील वा भावंडांमार्फत बाजू मांडू देण्याची मुभाही न्यायालयांना मिळाली.

त्यामुळे आज पती दुबईत, पत्नी सांगलीत आणि अर्ज पुण्यात असला, तरी काम होऊ शकते. मसुदा ईमेलवर ठरतो, वकील ई-फायलिंगने अर्ज दाखल करतात, ओळखपत्रे व प्रतिज्ञापत्रे जोडली जातात आणि जबानी पडद्यावर नोंदवता येते. तथापि ही सवलत न्यायाधीशांच्या परवानगीवर अवलंबून असते. ‘घरबसल्या आठवड्यात घटस्फोट’ अशा जाहिरातींतून बहुधा कागदांचा मसुदाच हाती पडतो. विवाह संपवण्याचा अधिकार कुटुंब न्यायालयाला आणि जेथे ते नाही तेथे सक्षम दिवाणी न्यायालयाला आहे.

न्यायालयाच्या या आग्रहामागे सबळ कारण आहे. संमती बळजबरीने, फसवणुकीने वा दडपणाखाली दिलेली नाही, याची खात्री करणे कलम 23 नुसार न्यायाधीशांचे कर्तव्य आहे. घरच्या बैठकीत सून अनेकदा सर्वांत शेवटी बोलते, किंवा बोलतच नाही. न्यायाधीशांचा प्रश्न थेट तिला असतो. पडद्यावरील सुनावणीत कॅमेऱ्यामागे वडीलधारी मंडळी बसून उत्तरे सुचवत असतील, तर त्या प्रश्नाचे प्रयोजनच हरपते. म्हणून जबानीच्या वेळी खोलीत एकटे असावे. हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, हेही दोन्ही पक्षांना ठाऊक असावे.

व्यापारी कुटुंबांत खरा गुंता विवाहापेक्षा हिशेबाचा असतो. सून पेढीत भागीदार असते, खासगी कंपनीत संचालक असते, बँकेच्या कर्जाला जामीन असते. पती-पत्नींनी आपसांत काहीही ठरवले तरी बँकेवर ते बंधनकारक नाही. बँक लेखी मुक्तता देत नाही तोवर जामीनकीची जबाबदारी कायम राहते. भागीदारीतून निवृत्त झाल्याची जाहीर सूचना न दिल्यास पुढील देण्यांसाठी त्रयस्थ व्यक्ती जुन्या भागीदाराकडे बोट दाखवू शकते. संचालकपदाचा राजीनामा कंपनी निबंधकाकडे नोंदवला जाणे तितकेच आवश्यक.

हिंदू अविभक्त कुटुंबात पत्नी सदस्य असते, ती घटस्फोटाने त्या कुटुंबाबाहेर जाते. परंतु माहेरच्या अविभक्त कुटुंबातील तिचा सहदायिकीचा हक्क 2005 च्या दुरुस्तीने मान्य झालेला आहे आणि तो विवाहाने वा घटस्फोटाने जात नाही. घर वा समभाग एकमेकांच्या नावे करावयाचे असल्यास ते हुकूमनाम्यापूर्वी की नंतर, हा प्रश्न सनदी लेखापालांना आधी विचारावा. कारण आयकराच्या दृष्टीने पती-पत्नी ‘नातेवाईक’ असतात, हुकूमनाम्यानंतर ते नाते उरत नाही.

म्हणून संमतीच्या अटी सविस्तर लिहाव्यात. स्त्रीधनाची वस्तुवार यादी, रकमेचे हप्ते व तारखा, मुलांचे शिक्षण, सुट्ट्या आणि दुसऱ्या पालकाच्या भेटी, हे सारे त्यात यावे. मुलांच्या पालनपोषणाचा हक्क मुलांचा आहे. आईने वा वडिलांनी सौद्यात तो सोडून देता येत नाही. ‘पुढे बघू’ म्हणून सोडलेली एक ओळ पुढे वर्षानुवर्षांच्या दाव्याचे बीज ठरते. दोघांना शक्यतो स्वतंत्र वकील असावेत. एकाच कौटुंबिक सल्लागाराने दोन्ही बाजू सांभाळण्यात काटकसर दिसते, परंतु दुर्बळ बाजूचा प्रश्न मग कोणीच विचारत नाही.

निकाल लागल्यावर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागून घ्यावी आणि घराच्या खरेदीखताइतकी जपावी. बँक, पारपत्र, विमा आणि पुढील विवाहनोंदणी या प्रत्येक ठिकाणी तीच दाखवावी लागते. वारसनामांकन व मृत्युपत्र आपोआप बदलत नाहीत, तीही त्याच आठवड्यात बदलून घ्यावीत. दोन माणसांनी एकमेकांचा मान राखून वेगळे व्हायचे ठरवले असेल, तर त्या मानाला कायद्याचे कुंपण घालून देणे हे दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांचे शेवटचे आणि सर्वांत उपयोगी काम ठरते.