जुन्या मोटारीचे ब्रेक

मॉरिस मायनर ही मोटार १९४८ साली इंग्लंडात निघाली. तिच्या चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक आहेत. माझ्या मायनरला सर्व्हो बसवा, असा सल्ला पुष्कळांनी दिला. सर्व्होने पायाचे श्रम वाचतात, एवढेच. आंबोलीचा घाट उतरताना ड्रम तापून पकड सुटू लागते, तिथे तो काय करणार?

पुढच्या चाकातले दोन्ही शू ‘लीडिंग’ असतात. म्हणजे फिरता ड्रम घर्षणाने त्यांना आपल्याकडे ओढून घेतो आणि पकड आपोआप वाढते. (गाडी मागे घेताना नेमके उलटे होते.) पण त्यासाठी लायनिंग ड्रमला सर्वत्र टेकले पाहिजे. जुना ड्रम लेथवर कातून मोठा झालेला असतो आणि नवा शू त्याला मध्यावरच टेकतो. मी लायनिंगला खडू फासून ड्रम फिरवला, तर खडू फक्त मधला पुसला गेला! शू ड्रमच्या गोलाईला घासून घेतले, ॲडजस्टर जुळवले, तेव्हा कुठे पेडल वर आले. जुन्या लायनिंगची धूळ मात्र फुंकू नये. तीत ॲस्बेस्टॉस असू शकते.

राहिले ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा मुरल्यावर तोच १४० वर येतो. ऑइल उकळून वाफ झाली, की पेडल थेट तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी मी ते बदलतो. मायनरचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, तळपत्र्याच्या खाली असतो. गालिचा उचलल्याशिवाय त्याचे झाकण दिसत नाही.