दानधर्म, ख्रिस्ती
ख्रिस्ती धर्मात ईश्वर व शेजारी ह्यांच्यावरील प्रेमातून गरजूंना दिलेले द्रव्य, अन्न, आश्रय वा सेवा. ह्या प्रेमाला नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेत ‘अगापे’ हा शब्द योजिला आहे. लॅटिनमध्ये त्याचे ‘कारितास’ असे भाषांतर झाले व त्यावरून ‘चॅरिटी’ हा इंग्रजी शब्द आला. पुढे त्याचा अर्थ बव्हंशी भिक्षादानापुरता आकुंचित झाला. सेंट पॉलने मात्र करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दान व प्रेम ह्यांत भेद केला आहे; प्रेमावाचून केलेले सर्वस्वदानही त्याच्या मते निष्फळ होय.

आरंभीच्या काळी दान हे मंडळीचे सामुदायिक कर्तव्य होते. जस्टिन मार्टर (सु. १००–सु. १६५) ह्याच्या वर्णनानुसार रविवारच्या उपासनेत लोक स्वेच्छेने यथाशक्ती देत व त्या निधीतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके ह्यांना साहाय्य मिळे. सेंट बेझिल (सु. ३३०–३७९) ह्याने कॅपाडोशियातील सिझरीया नगराजवळ गरीब, रुग्ण व प्रवासी ह्यांसाठी आश्रयस्थान उभारले. श्रीमंतांनी साठविलेले अतिरिक्त धान्य व वस्त्र वस्तुतः गरिबांचेच असते, अशी त्याची शिकवण होती. ह्या दृष्टीने दान हा उपकार न राहता ऋणफेड ठरते आणि घेणाऱ्याची प्रतिष्ठा अबाधित राहते.

भारतात ह्याच प्रेरणेने पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांनी १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुली व स्त्रियांना आश्रय दिला. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेत अन्नवस्त्राबरोबरच शिक्षण व हस्तव्यवसाय ह्यांची सोय होती. कारण आश्रितांना स्वावलंबी करणे, हे तिचे उद्दिष्ट होते.