गोंडोलाने शिखरावर जाताना

रांजणगावच्या महागणपतीला नमस्कार करून काश्मीरला निघालेल्या कुटुंबाच्या यादीत गुलमर्गचा गोंडोला हटकून असतो. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनाही बर्फ पाहता येतो, ही सोय मोठीच. रायगडचा रोपवे अनेकांनी अनुभवलेला असतो, त्यामुळे ‘तसाच, जरा लांबचा’ असा हिशेब मनाशी केला जातो. तो इथे चुकतो.

रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटरवर आहे आणि राज्यातले सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटरवर. गुलमर्ग गावच २,६५० मीटरवर वसले आहे. तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला आणि दुसरा अफरवट पर्वतावर, साधारण ३,९५० मीटरपर्यंत नेतो. रांगा सोडल्या तर प्रत्यक्ष प्रवास अर्ध्या तासाच्या आतला.

वर गेल्यावर हवेतला प्राणवायू ‘कमी होतो’ असे आपण म्हणतो. खरे तर त्याचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे एका श्वासात रांजणगावात मिळतो त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच प्राणवायू अफरवटवर मिळतो. शरीर लगेच श्वास आणि नाडीचा वेग वाढवते. पण खरी जुळवाजुळव सावकाश होते. मूत्रपिंडांना रक्ताचा समतोल साधायला काही दिवस लागतात, तांबड्या पेशी वाढायला काही आठवडे.

पायी चढणाऱ्याला त्याचे पायच अडवतात. ज्याचे हृदय किंवा फुप्फुसे कमकुवत आहेत, तो अर्ध्या वाटेवर दम लागून बसतो आणि मागे फिरतो. केबिनमध्ये ही चाळणीच नसते. ज्यांनी एरवी ती चढण पाहूनच नको म्हटले असते, तेही खुर्चीवर बसल्या बसल्या वर पोहोचतात.

डोकेदुखी, मळमळ, थकवा ही पर्वतीय आजाराची लक्षणे बहुधा सहा ते बारा तासांनी दिसतात. तोवर गोंडोलाचे पर्यटक खाली आलेले असतात, म्हणून तासाभराच्या भेटीत हा आजार सहसा गाठत नाही. वर त्रास होतो तो पोहोचल्यावरच्या उत्साहामुळे. फोटोसाठी बर्फातून धावणे, मुलांना कडेवर घेऊन चढणे, त्यात बोचरी थंडी. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर दुहेरी ताण येतो. वर उतरल्यावर आधी पाच-दहा मिनिटे शांत बसावे, मग हळू चालावे. वारा वाढला की गोंडोला थांबवतात, हेही लक्षात ठेवून गरम कपडे आणि रोजची औषधे जवळच असू द्यावीत.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, चालताना छातीत दुखणारे, रक्तदाब आटोक्यात नसलेले, दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेले, तीव्र रक्तक्षय किंवा सिकलसेलचे रुग्ण आणि गर्भवती यांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. यातल्या काहींना कोंगडोरीपर्यंतच जाण्याचा सल्ला मिळेल. बर्फाच्या दिवसांत तिथेही बर्फ असतोच!

सहलीच्या बॅगेत हमखास असणारी कापराची पुडी मात्र घरी ठेवलेली बरी. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. शिवाय लहान मुलाने तो गिळला तर विषबाधा होऊ शकते. ऑक्सिमीटरचाही एक घोळ आहे. करोनाकाळात ९४चा आकडा सर्वांच्या मनात पक्का बसला. पण या उंचीवर निरोगी माणसाचे मापनही ८५ ते ९० दरम्यान येऊ शकते आणि गारठलेल्या बोटावर ते चुकतेही. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, तोल जाणे, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगून पहिल्या केबिनने खाली उतरावे. उंचीच्या त्रासावर खाली येण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही, आणि छातीतले दुखणे असेल तर खाली आल्यावर थेट दवाखाना गाठावा.